पबातली आगटी

गोवऱ्यांचा धूर नाकात गेला की मला बाणेरचा तो पब आठवतो. आम्ही विकलेल्या शेतावर इमारत झाली आणि तिच्या तळमजल्यावर तो उघडला. आयटीतल्या मित्रांना मी तिथे पार्टी दिली, माझ्या वडिलांना, दादांनाही नेलं. थंडीचा खास पदार्थ म्हणून लोण्यात परतलेला हुरडा आला. मित्रांनी सफरचंदाच्या सायडरबरोबर तो वाखाणला. दादांनी एकच घास खाल्ला.

"ह्यो हुरडा न्हाई. भिजवलेली जुनी ज्वारी हाय."

मी लाजून ग्लासात बघत राहिलो. दादा उठून गेले आणि अर्ध्या तासात आमच्या शेताच्या न विकलेल्या तुकड्यातली कोवळी कणसं अन् गोवऱ्या घेऊन परतले. मालकाला विचारून त्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला, आगटी पेटवली. भाजलेलं कणीस तळहातावर चोळून, फुंकर मारून, पहिले हिरवे दाणे त्यांनी मालकाच्याच हातावर ठेवले. बघता बघता टेबलं रिकामी झाली आणि सगळे बिअरचे ग्लास घेऊन आगटीभोवती उकिडवे बसले.

"काका, उद्याही याल?" मालकाने विचारलं.

"यीन की. पन भाजनार तुमी, खानार मी."

त्या संध्याकाळी यजमान मी आहे असं मला वाटत होतं. यजमान दादा होते, आणि तेही आपल्याच शेतात.