नातेपुत्याचं स्टेशन

लेक लग्न होऊन गेली आणि घरातली छोटी खोली रिकामी झाली. तिथं ज्वारीची कोठी ठेवायची, असं आमच्या ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मी तिथं रेल्वे घालायचं ठरवलं. शाळेत भूगोल शिकवताना नकाशावरच्या रेल्वेमार्गांवरून पुष्कळ छडी फिरवली होती. निवृत्त झाल्यावर, खेळण्यातली का होईना, आपली स्वतःची एक लाइन असावी अशी हौस. निळं इंजिन, तीन डबे आणि रुळांचे तुकडे ऑनलाइन मागवले.

हे एसटीत ड्रायव्हर होते. खोकं बघून म्हणाले, "जन्मभर एसटीची भाकरी खाल्लीस आणि शेवटी रेल्वेला जाऊन मिळालीस."

"तुमची एसटी त्या खोलीत वळली असती का?"

वळायला जागा रेल्वेलाही नव्हती. रूळ फार आवळून वळवले की गाडी घसरते, म्हणून गोल मार्गाला रुंद फळी हवी. फळी रुंद केली की पलीकडच्या कोपऱ्यात माझा हात पोचत नाही. गाडी तिथं पडली तर उचलणार कोण? मी फरशीवर खडूनं आखायची, पुसायची, पुन्हा आखायची. हे चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे. "आत येऊ, का फाटक पडलंय?"

अखेर एक आराखडा जमला. मधे गाडीचा गोल, कडेला यार्ड, एक छोटा पूलसुद्धा. मी दार लावून शांतपणे डोळे भरून बघत बसले आणि मग ह्यांना हाक मारली. त्यांनी दार लोटलं. दार थेट माझ्या यार्डावरून गेलं. खोलीचं दार आत उघडतं, हे सगळ्या मोजमापात माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

हे हसले नाहीत. फक्त म्हणाले, "चहा ठेवू का?" ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात वन्स, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नातेपुत्याहून आमच्याकडे सोलापूरला आल्या. छोट्या खोलीत त्यांची कॉट पडली आणि माझा पूल कॉटखाली गेला. ऑपरेशन झाल्यावर वन्स काळा चष्मा लावून पडून असायच्या. वाकायचं नाही, शेगडीसमोर जायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. त्यांना करमेना. फरशीवर खडूच्या रेघा कसल्या, म्हणून विचारलं. मी सांगितलं.

"मग ही गाडी जाती कुटं?"

"कुठं नाही, वन्स. गोल फिरते आणि परत येते."

"आँ? परत हितंच यायचं, तर निघायचं कशाला?"

बाहेरच्या खोलीतून हे मोठ्यानं हसले. मला राग आला, आणि रागाच्या भरात दोन दिवस खडू हातात धरला नाही. पण वन्सनी विषय सोडला नाही. "आमच्या गावाला रेल्वे न्हाय. येणार येणार म्हणून ऐकत म्हातारी झाले. नातेपुत्याला ने की गं तुजी गाडी."

"तिथं रूळच नाहीत, वन्स. मी भूगोल शिकवलाय. खोटं स्टेशन कसं टाकू?"

"टाक की. तुजी कोण परीक्षा घेतंय आता?"

मी पुन्हा खडू उचलला. गोल सोडून दिला तर रुंद फळीही नको होती. भिंतीला लागून वीतभर रुंदीची फळी, कॉटच्या वर, दाराला अजिबात न शिवता. दाराशेजारी सोलापूर, विजेच्या बोर्डाखाली वेळापूर, खिडकीच्या अलीकडे नातेपुते. गाडी जाईल आणि तशीच मागे मागे परत येईल. सुतार येऊन फळ्या ठोकून गेला. हे नको नको म्हणत शेवटी फळी समपातळीत आहे का ते बघायला स्टुलावर चढले, आणि उतरण्याआधी सोलापूर स्टेशनसमोर एसटी स्टँडसाठी जागा राखून घेतली.

पहिली गाडी सुटली तेव्हा वन्स कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. इंजिन वेळापूरला अडकलं. ह्यांनी घसा खाकरला, पण मी बघितल्यावर गप्प बसले. रुळाचा सांधा नीट दाबला, गाडी पुढं गेली आणि नातेपुत्याला जाऊन थांबली. मला वाटलं, काळ्या चष्म्यातून वन्सना नीट दिसलं नसेल.

"दिसली का, वन्स?"

"दिसली की," त्या म्हणाल्या. चष्म्याखालून गालावर आलेलं पाणी त्यांनी पदरानं टिपलं. डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका म्हणून बजावलं होतं, म्हणून मी रागावले, तर म्हणाल्या, "ऑपरेशनचं पाणी हाय ते."

वन्स बऱ्या होऊन गावी गेल्या आणि तिकडे सगळ्यांना सांगत सुटल्या. परवा त्यांच्या शेजारच्या दोघी दवाखान्याच्या कामाला सोलापुरात आल्या होत्या, त्या मुद्दाम स्टेशन बघायला घरी आल्या. मी गाडी सोडून दाखवली. स्टेशन खिडकीच्या अलीकडे आणि पलीकडच्या भिंतीवर मी गावाची घरं रंगवली आहेत, तीही त्यांनी बारकाईनं पाहिली. मग थोरलीनं मान हलवली.

"समदं झ्याक हाय, बाई. पर स्टेशन गावापासनं लई लांब टाकलंसा."

"तेच म्हणतो मी," हे म्हणाले. "स्टेशनपासून गावापर्यंत एसटी लागणार."