माइक मनोहरच्या हातात

आमच्या दिघोरीच्या नाटक मंडळातले जुने गडी चहाला जमले, की मनोहरचे किस्से निघतात. दर वर्षी त्यात एक-दोनची भर पडते. ऐंशी सालाच्या आसपास मंडळाची भाषणं लिहायचो मी, गावचा शाळामास्तर. पण माझ्या तोंडचं एकही वाक्य कुणाला आठवत नाही. एक तरी आठवावं, एवढीच माझी इच्छा आहे.

*

दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची अनाउन्समेंट करायला आम्ही बैलबंडीवर भोंगा बांधून सानगडीला गेलो. "रसिकहो, सहकुटुंब उपस्थित राहून कलेची सेवा करावी," मी म्हणालो. एका म्हशीने मान वळवली.

मनोहरने माइक ओढला. "सानगडीवाले हो, तुम्ही सारे येसाल तं बसाले जागा कुठून आणावं, याच्याच फिकरमध्ये आहो आम्ही. आपापला बोरा घेऊन येजा!"

संध्याकाळी अर्धी सानगडी बसायला काखेत पोत्याचा बोरा मारून हजर. जळलो मी. आजही जळतो.

*

मांडवासाठी तुकाराम काकांची धान कापून मोकळी झालेली शेतातली बांधी हवी होती. मी त्यांना नाट्यकलेचं महत्त्व समजावलं. ते तंबाखू मळत राहिले.

मनोहर म्हणाला, "काका, गावात सगळ्यात सपाट बांधी कोणाची, याच्यावर वाद चालू आहे. लोक पाटलाची म्हणून राहिले."

"पाटलाची? तिच्यात पाणी एका कोपऱ्यात जमते. उद्याच मांडव टाका माह्या बांधीत."

*

एकदा नटीची नागपूरहून येणारी एसटी लेट झाली. पब्लिक शिट्ट्या मारू लागली. मी "कृपया शांतता राखा" म्हटलं आणि शिट्ट्या दुप्पट झाल्या.

मंडईला जावई सासुरवाडीला आलेले असतात, हे मलाही ठाऊक होतं. पण सुचलं मनोहरलाच. "मारा शिट्ट्या, हरकत नाही. फक्त जावई लोकांनी मांग पाहून घ्यावं, सासरा कुठी बसला आहे तं."

सगळे चिडीचूप. नटी आली तेव्हा तिच्यापेक्षा जास्त टाळ्या याला पडल्या. मला जेवण गेलं नाही.

*

पवनीला मी मुलगी पाहायला गेलो. आईने सोबत मनोहरला धाडलं. वाटेतच मी त्याला बजावलं, "माझ्यासमोर एक शब्द बोललास तर याद राख."

तो सुपारी चघळत गप्प बसला. मी बोललो. संसार, शिक्षण, संस्कार, सगळ्यावर बोललो. पोहे खाऊन मागच्या विहिरीवर हात धुवायला गेलो, परत येतो तर होकार तयार! माइक नव्हता, मनोहरचं बोलणं नव्हतं, फक्त माझे शब्द. हा किस्सा मंडळात मी इतक्यांदा सांगितला की मी तोंड उघडताच लोक चपला शोधतात.

परवा मंडळ आमच्याच घरी जमलं. मनोहरही होता. मी मुद्दाम बायकोला विचारलं, "सांग यांना, माझं कोणतं वाक्य ऐकून तू हो म्हटलंस?"

कपबशा ठेवता ठेवता ती म्हणाली, "तुमचं नाही जी. तुम्ही हात धुवाले गेले, तवा मनोहर भाऊजी म्हणाले, 'बाई, याच्या बोलण्यावर नोको जाऊ, माणूस चांगला आहे.'"