आमच्या गल्लीचं इन्स्पेक्शन

एखाद्या शहराचा कारभार बरा की वाईट, हे मोजण्याची नोकरी मी करते. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग आपल्या नळाची तक्रार सुरू करतात. मी काही करू शकत नाही, मी फक्त मोजते. रीत साधी आहे: डोळ्यांनी पाहायचं, राहणाऱ्यांना विचारायचं आणि दोन्हींचा मेळ बसतो का ते बघायचं. स्वतःच्या गावात मोजायला जाता येत नाही, हा आमच्याकडचा नियम. त्यामुळे भिलाईत मी फक्त मुलगी असते.

बाबा तिथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये होते. आमचं लहानपण सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये गेलं. तिथे दिवा गेला की कंपनीचा माणूस, नाली तुंबली की कंपनीचा माणूस. नगराचा कारभार म्हणून काही वेगळी चीज असते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. निवृत्तीनंतर बाबांनी हुडको वसाहतीच्या पलीकडे एका वस्तीत घर घेतलं. शेजारीपाजारी बहुतेक प्लांटमधलेच निवृत्त, भंडारा-गोंदियाकडून आलेले. गल्लीच्या टोकाला बुद्धविहार. घर घेताना आईने तेवढंच पाहिलं होतं. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती वंदनेला पायी जायची.

गल्ली अरुंद, आणि एका अंगाला उघडी नाली. मोटारसायकल आली की माणसाने काठाला सरायचं. असंच सरताना आई आत पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला. पण नालीच्या काठाने चालायचं म्हटलं की तिचे पाय थरथरतात, कुणी हात धरला तरी. खुर्चीत बसवून नेऊ म्हटलं तर म्हणते, "मले उचलून कावून नेता? मेली काय मी?" नालीवर फरश्या पडल्या असत्या, तर त्यांवरून ती आपल्या पायांनी विहारात गेली असती. नगर निगमकडून, म्हणजे महापालिकेकडून, तिला एवढंच हवं होतं.

निगमच्या कामाची तपासणी होणार असं कळलं तेव्हा मी रजेवर घरी होते. बाहेरची माणसं येऊन गल्ल्या बघणार, गुण देणार, आणि जिथे गुण कमी तिथे आधी काम होणार. मला बरं वाटलं. कमी गुण मिळवायला आमची गल्ली अगदी लायक होती.

पण तपासणी हा शब्द बाबांच्या कानावर पडायला नको होता. प्लांटमध्ये मोठा साहेब राऊंडला येणार म्हटलं की आधी यंत्रांचं सगळं शॉप धुऊन काढायचं, कडांना रंग मारायचा, ही त्यांची उभ्या नोकरीतली सवय. बाबांनी गल्लीतले सगळे निवृत्त गोळा केले. कुणी फावडं आणलं, कुणी घमेलं. नालीतला गाळ काढला, प्लास्टिक वेचलं आणि काठाने चुन्याची पट्टी ओढली. दोरी लावून ओढली, कारण वाकडी गेलेली या लोकांना चालत नाही.

मी म्हटलं, "बाबा, राहू द्या न घान. घान दिसन तवाच फरश्या येतीन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चालतं मशीन बंद पाडायला सांगत होते. "इन्स्पेक्शनच्या दिवशी शॉप घान ठेवतेत काय कोनी? इज्जत जाते, बाई."

"जाईन तर निगमची जाईन."

"गल्ली आपली हाय," असं म्हणून ते चुन्याची बादली उचलून पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी दोन तरुण मुली आल्या. चांगल्या होत्या, घाईत नव्हत्या. त्यांनी नालीचे फोटो काढले. इतकी देखणी नाली मी माझ्या नोकरीतही पाहिलेली नाही. मग एखाद्या घरात विचारपूस करायची असते, तर बाबांनी त्यांना आमच्याच घरी आणलं. आईने वॉकर दाराआड ठेवायला लावला होता. पोहे झाले, चहा झाला. एकीने विचारलं, "आंटी, कोई परेशानी?"

आई म्हणाली, "नहीं बेटा, सब अच्छा है."

मी रिकामे कप उचलून आत गेले. मोजणीला गेले की मध्ये बोलणाऱ्या नातेवाइकांना मी स्वतः बाहेर बसवते. पण त्या गेल्यावर मी भडकले. आईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "घरी आल्या, खाल्लं-पेल्लं, अन् त्यायच्यापुढं आपलं रडगानं गावाव काय? पाहुन्याले असं सांगतेत काय कोनी?" लोकांच्या घरी चहा घेऊ नका, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. का सांगतात, ते मला त्या दिवशी समजलं.

गल्लीला 'उत्तम' शेरा मिळाला. बाबांनी पेढे वाटले. पुढे वॉर्डातून निवडून आलेले पार्षद भेटले तेव्हा बाबांनी फरश्यांचं विचारलं. पार्षदांनी हात जोडले. कमी गुणांच्या गल्ल्या आधी, म्हणाले, आणि इथे तर फोटोतही काही खोट नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. घरी येऊन बाबा निगमला शिव्या देऊ लागले, तेव्हा आई एवढंच बोलली, "निगमले कावून बोलता? तुमी नाली धुतली, अन् मी सब अच्छा म्हटलं. बसा आता." बाबा बसले. त्यांचं ते बसणं मला बघवलं नाही.

पुढची तपासणी फोनवरून झाली. तेव्हाही मी घरी होते. फोन बाबांना आला. त्यांनी स्पीकर लावला आणि "तूच बोल," म्हणून तो आईच्या हातात दिला. पलीकडची बाई हिंदीत प्रश्न वाचत होती. नाली ठीक आहे का? आई म्हणाली, "ना," आणि आपण कशा पडलो ते सांगू लागली. बाई म्हणाली, "माताजी, सिर्फ हाँ या ना." कचरा रोज उचलतात? "ना." उचलतात, रोज सकाळी. पाणी वेळेवर येतं? "ना." रस्त्यावर दिवे आहेत? "ना." प्रत्येक 'ना' आधीच्यापेक्षा ठाम. बाबा शेजारी बसून मान डोलवत होते.

माझी आई परक्या माणसाला नाही म्हणतेय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला तिचा अभिमान वाटला. पण सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर देणाऱ्याला आम्ही मोजणीतून वगळतो. तो ऐकत नव्हता किंवा रागात होता, असं धरतो. पद्धत बरोबरच आहे. कुणी विचारलं तर मीही तीच सांगेन.

फोन ठेवून आईने मला विचारलं, "बराबर बोलली न मी?"

"बराबर."

"मंग येतीन न आता फरश्या?"

मी हो म्हटलं.

"या पुनवेले नाही जमनार," ती बाबांना म्हणाली, "पन पुढच्या पुनवेले जाईन. तुमी संगं येऊ नका. मी एकटी जाईन."