उधना स्टेशनजवळ घर पाहिजे

मी वत्सला. लिंबायतमध्ये राहते आणि भाड्याची घरं दाखवते. लोक मला दलाल म्हणतात, म्हणू देत. लिंबायत, डिंडोली, उधना इथल्या निम्म्या खोल्यांत माणसं मीच बसवली आहेत. कोणत्या गल्लीत नळाला किती वाजता पाणी येतं ते मला झोपेतून उठवून विचारा. घर बघायला आलेलं माणूस दारात उभं राहिलं की ते काय विचारणार हे मला आधीच कळतं. बाई असली तर पाणी. बाप्या असला तर गाडी कुठे लावू. नवीन लग्न झालेलं असलं तर शेजारी कोण राहतं. उज्ज्वलानं मात्र मला गारच केलं. खोली बघितली नाही, पाणी विचारलं नाही. म्हणाली, "मावशी, इथून उधना स्टेशन चालत किती मिनिटं?"

उज्ज्वला म्हणजे आमच्या प्रमिलाबाईची एकुलती एक पोर. प्रमिलाबाई आणि मी तीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय. खाली लूमचा कारखाना, वर आमच्या खोल्या, मध्ये लोखंडी जिना. लूम बंद पडला की आम्हाला जाग येते, एवढी सवय. पोरगी हुशार निघाली, बीएस्सी झाली, पुण्याला नोकरीला गेली. आईला तिनं सांगितलं होतं, खाण्यापिण्याच्या वस्तूंच्या कंपनीत लॅबला आहे. प्रमिलाबाई अख्ख्या चाळीत मिरवायची, आमची उज्ज्वला बिस्किटं तपासते म्हणून. बिस्किटं कुठून आली देव जाणे.

गेल्या दिवाळीला प्रमिलाबाई त्या जिन्यावरून पडली. हाड मोडलं नाही, पण दोन्ही गुडघे कामातून गेले. पोरीनं पुण्याची नोकरी सोडली आणि पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागली. कपडा रंगवून झाला की जे पाणी उरतं, ते जिवाणू सोडून साफ करतात, त्यांची देखभाल हिच्याकडे. आता आईसाठी तळमजला नाहीतर लिफ्ट, असं घर हवं होतं. प्रमिलाबाईनं एकच सांगून ठेवलं होतं: "पोरगी नीट ठेवत असेल तर तिच्याकडे राहीन. नाहीतर शिरपूरला भावाकडे जाईन." शिरपूरला भावजय कशी आहे ते मला माहीत आहे. तिच्याकडे राहण्यापेक्षा तो जिना बरा.

तर स्टेशनचं. मी तिला कतारगामचा एक ब्लॉक दाखवला, ती म्हणाली स्टेशन लांब. डिंडोलीत तीन दाखवले, तिन्ही वेळा तेच. मग रिक्षात बसल्यावर मी सरळ विचारलं, "कोण येतं गं गाडीनं? पोरगा आहे का?"

ती हसली. "पोरगा असता तर बरं झालं असतं, मावशी. तो आईला दाखवता आला असता."

आणि मग तिनं सांगितलं. पुण्यात ती बिअर बनवायच्या कारखान्यात होती. बाटलीत भरून गावभर जाते ती नाही, म्हणे. लहान कारखाना, थोडी थोडी बनवायची, दर वेळी वेगळी. क्राफ्ट बिअर. सातू भिजवायचे, मोड आणायचे, भाजायचे, उकळायचे, मग एक कडू फूल घालायचं आणि आंबायला ठेवायचं. दोन अंश इकडेतिकडे झालं की चव बदलते. हे सांगताना पोरीचा चेहरा उजळला होता. तिची पुण्याची मैत्रीण कविता, तिनं आता पालघरजवळ स्वतःचा असा कारखाना टाकलाय. महिन्यातून दोन शनिवार उज्ज्वला उधन्याहून गाडीनं तिकडे जाणार, चव बघणार, काय चुकलं ते सांगणार, रात्री तिथेच राहणार आणि रविवारी परत.

"चव बघणार म्हणजे पिणार," मी म्हटलं.

"पिणार. मला आवडते, मावशी. खोटं कशाला बोलू?"

मला राग आला, सरळ सांगते. रिक्षा थांबवून उतरावंसं वाटलं. कारण या पोरीचा बाप भिकन कसा गेला ते मी बघितलंय. पोट टम्म फुगलेलं, डोळे पिवळे, आणि शेवटपर्यंत म्हणत होता, मी कुठे पितो. आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी उज्ज्वलाला कोणी सांगितली नव्हती. ती मी तिला तिथेच रिक्षात सांगून टाकली.

म्हटलं, तुझ्या आईनं सुरत निवडलं ते दारूसाठी. म्हणजे दारूबंदीसाठी. गावची निम्मी माणसं नाशिकला जात होती, पिंपरीला जात होती. भिकनलाही सातपूरला काम मिळत होतं, सख्खा भाऊ तिथे होता. ही बया अडून बसली. म्हणाली, गुजरातमध्ये सरकारनं दारू बंद केलीय, तिथेच जायचं, तिथे मिळणारच नाही तर पिणार कुठून. कडेवर तू, डोक्यावर ट्रंक, आणि नवऱ्याला पुढे घालून आली सुरतला. लोक कामासाठी शहर निवडतात, ही शहराच्या कायद्यावर विसंबली. आठ दिवस टिकलं ते. ज्या माणसाला तीन वर्षांत तुझी शाळा कुठे आहे ते सापडलं नाही, त्याला आठ दिवसांत खाडीकाठचा दारूचा अड्डा सापडला.

उज्ज्वला म्हणाली, "म्हणजे आम्ही दोघी एकाच गोष्टीवरून घर शोधतोय." आणि डोळे पुसले.

"आईला सांगू नकोस," मी म्हटलं. "दर पंधरा दिवसांनी मैत्रिणीकडे जाते म्हण. ते काही खोटं नाही." माझा धंदाच तसा आहे. घर दाखवताना भिंतीची ओल कुठल्या कॅलेंडरमागे आहे ते मी थोडीच सांगते.

शेवटी प्रमिलाबाईला डिंडोलीचा एक फ्लॅट आवडला. पाचवा मजला, पण लिफ्ट. ओटा तिच्या उंचीचा. गॅलरीत उभं राहिलं की खाली भाजीवाला दिसतो, हाक मारता येते. ती त्या गॅलरीत दहा मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "इथे माझा जीव रमेल." तीस वर्षांत मी तिच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. उज्ज्वलानं माझ्याकडे बघितलं आणि स्टेशनचं नावसुद्धा काढलं नाही. बोलली, "घेऊन टाकू."

आम्ही खाली सोसायटीच्या ऑफिसात गेलो. प्रमुख मगनभाई, भला माणूस. त्यानं बाहेंधरी काढली, म्हणजे हमीपत्र. ते छापील असतं. घरात मांसमच्छी शिजवणार नाही, गच्चीवर कपडे वाळत घालणार नाही, घरातलं कोणीही दारू पीत नाही, खाली सही. असले कागद मी शेकड्यांनी भरून घेतले आहेत. ते कोणी वाचत नाही. रविवारी ज्यांच्या घरातून मटणाचा वास जिन्यापर्यंत येतो, त्यांनीही सही केलेली असते, आणि मगनभाईलाही ते ठाऊक असतं.

उज्ज्वला वाचत बसली. मी तिला टेबलाखालून पाय मारला. प्रमिलाबाई मगनभाईला मोठ्या तोऱ्यात सांगत होती, "ते दारूचं लिहूनच घ्या भाई. होता तो गेला. आता आमच्या घरात कोणी पीत नाही."

पोरीनं पेन खाली ठेवलं. "आई, मी पिते," ती म्हणाली. "बिअर. पुण्यात मी तीच बनवायचे. तू इथे राहणार आणि मी तुझ्यादेखत या कागदावर खोटी सही करणार, ते मला नाही जमणार."

मगनभाई बिचारा गडबडला. "बेन, सही तर सगळेच करतात," तो म्हणाला, "कागद फाइलीत जातो." त्याला वाटलं अडचण कागदाची आहे.

प्रमिलाबाई उठली. पिशवी वर गॅलरीतच राहिली होती. ती आणायला निघाली, तर लिफ्टमध्ये बसेना. ते गुडघे घेऊन पाच मजले चढून गेली आणि पाच मजले उतरली. कोणाला हात लावू दिला नाही. मी उज्ज्वलाला नको नको ते बोलले. ती आईच्या मागे दोन पायऱ्या ठेवून चढली आणि तशीच उतरली.

नऊ दिवस त्यांच्या चाळीतल्या खोलीतून माणसाचा आवाज आला नाही, फक्त खालचा लूम. पोरगी स्वयंपाक करून कामावर जायची, आई ते जेवायची, बोलणं शून्य. शिरपूरची ट्रंक माळ्यावरून खाली आली. ती मीच उतरवून दिली आणि मलाच रडू आलं. दहाव्या दिवशी दुपारी प्रमिलाबाई भिंत धरत धरत माझ्याकडे आली आणि म्हणाली, "वत्सला, तुझ्याकडे उधन्याला काही आहे का? स्टेशनला लागून. तळमजला."

मला आधी कळेचना. "ती गॅलरी सोडून तिकडे? दिवसभर गाड्या धडधडतात तिथे."

"भिकनला आणायला मी खाडीपर्यंत जायची," ती म्हणाली. "कधी त्याच्याही पुढे. पोरीला तुझ्याजवळ झोपवून. चिखलातून, कुत्र्यांमधून. आता तेवढं चालणं होत नाही. ही जिथे उतरेल तिथून घर जवळ पाहिजे."

"प्रमिलाबाई, उज्ज्वला तशी नाही गं."

"तोही तसा नव्हता. पहिल्या वर्षी."

मी उठले. चहा टाकला. दोघींनी प्यायला.

उधन्याला एक घर होतंच माझ्याकडे. दोन खोल्या, पुढे ओटा, मालक खानदेशी, कागदबिगद काही मागत नाही. गाडी गेली की फळीवरची पातेली वाजतात. आठवड्यात सामान गेलं. ट्रंकही गेली, पण शिरपूरला नाही. मायलेकींचं बोलणं सुरू झालं होतं, पण मीठ आण, गॅस बंद कर, एवढंच.

मग तो पहिला शनिवार आला आणि पोरगी पालघरला गेली. आईनं डबा दिला, पण दारापर्यंत आली नाही. रविवारी दुपारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. प्रमिलाबाई लुगडं बदलून, काठी घेऊन तयार. गाडीला तास होता तरी निघाली. आम्ही स्टेशनच्या जिन्याखाली बाकावर बसलो. मी इकडचं तिकडचं बोलत होते, तिचं लक्ष नव्हतं. काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मला तेव्हा तिच्याबद्दल भीती वाटली, खरं सांगते. पोरगी जरा अडखळली असती, कुणाच्या धक्क्यानं जरी, तरी ही बाई तिथेच संपली असती.

गाडी आली. गर्दीतून उज्ज्वला जिना उतरली, पाठीला सॅक, हातात पिशवी. प्रमिलाबाई तिच्या पावलांकडे बघत होती, फक्त पावलांकडे. पोरगी समोर येऊन उभी राहिली. तिनं आईला बघितलं आणि तिला सगळं समजलं. तीही हलली नाही.

प्रमिलाबाई उठली, भर स्टेशनात पोरीच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि वास घेतला. लोक बघत होते. उज्ज्वलानं मान वळवली नाही.

माझ्याशी प्रमिलाबाई मराठीत बोलते, पण पोरीशी अहिराणीत. "काल कितला गिलास?" तिनं विचारलं.

"दोन," उज्ज्वला म्हणाली. "आणि एक अर्धा टाकला. आंबट झाली होती."

बाजूनं हमाल गेला, चहावाला गेला. प्रमिलाबाईचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही रडणार, पण रडली नाही.

"तुना बापनी माले कधीच आकडा सांगा नही," ती म्हणाली.

मग तिनं काठी माझ्याकडे दिली, पोरीचा हात धरला आणि दोघी घराकडे चालायला लागल्या.