पितळेचा खलाशी

भूपाल मगदुमाच्या हातात आलेल्या पत्र्याचं नशीब उघडतं, असं आमच्या कृष्णाकाठच्या गावात म्हणायचे. डबे, नरसाळी, ट्रंका, कणग्या, हे सगळं पोटासाठी. जीव खरा रमायचा तो गणपतीच्या हलत्या देखाव्यात. जीपच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि गोडेतेलाचे रिकामे डबे, एवढ्या सामानावर ह्या माणसानं कुंभकर्ण घोरवला होता, बकासुराला गाडाभर भात चारला होता. पार सांगलीहून माणसं यायची बघायला.

गंमत अशी की भूपालअण्णा पक्के जैन. गणपतीचे दिवस आणि त्यांच्या दशलक्षण पर्वाचे, म्हणजे दहा दिवसांच्या व्रताचे, दिवस एकाच वेळी. सकाळी सोवळं नेसून बस्तीत, म्हणजे जैन देवळात, अभिषेक. दिवसातून एकदाच जेवण, तेही सूर्य बुडायच्या आत. आणि दिवेलागणीला मंडपात जाऊन राक्षसाचे डोळे गरागरा फिरवायचे. अण्णांच्या पत्नी गुणमालाकाकू म्हणायच्या, "एका हातानं पुण्य करता नि दुसऱ्या हातानं राक्षस घडवता, देवानं हिशेब कसा लावायचा?"

"राक्षस पत्र्याचा हाय गं," अण्णा म्हणायचे, "त्यानं कुणाला खाल्लंय?"

तीन वर्षांपूर्वी त्या घरातलं हसणं बंद झालं. एकुलता एक अरिहंत मालवाहू जहाजावर इंजिनच्या कामाला होता. गावातली निम्मी पोरं मिलिटरीत, हा एकटा पाण्यावर. कुठल्या तरी लांबच्या समुद्रात वादळात जहाज बुडालं. दुसऱ्या एका जहाजानं काही जणांना वर काढलं, काही जण सापडले नाहीत. न सापडलेल्यांत अरिहंत होता. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "बेपत्ता आहेत." झालं! अण्णांनी तो शब्द जो धरला तो सोडलाच नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथं बुडाला मुलगा आणि काडी धरली बापानं.

आता ह्याचा परिणाम काय झाला ते ऐका. घरात माणूस गेलं की सुतक येतं. सुतक असलेल्यानं बस्तीची पायरी चढायची नाही, कलशाला हात लावायचा नाही. अण्णा तर फोन आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सोवळं नेसून अभिषेकाला हजर! बस्तीचे उपाध्ये गप्प, पंच गप्प. बापाला कोण सांगणार, की बाबा रे, तुझा मुलगा मेला, तू घरी बस? सुतक नाही म्हणजे मरण नाही. मरण नाही म्हणून भेटायला कुणी आलं नाही, गळ्यात पडून कुणी रडलं नाही. गुणमालाकाकू रोज सूर्यास्ताच्या आत तीन ताटं वाढून चौथं पालथं घालून ठेवायच्या.

आणि श्रद्धा? अरिहंतची बायको. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. फलटणहून तिचा भाऊ दोनदा न्यायला आला, दोनदा रिकामा गेला. "अण्णा तोंडानं म्हणत न्हाईत तोवर मी कपाळाचं कुंकू पुसणार न्हाई नि माहेरीबी येणार न्हाई," ती म्हणाली. म्हणजे एका जित्याजागत्या पोरीचं आयुष्य त्या माणसाच्या एका वाक्यावर टांगलेलं, आणि ते वाक्य काही त्याच्या तोंडून निघेना. अण्णांना हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण वेड पांघरून पेडगावला गेलेल्या माणसाला परत कोण आणणार?

दुकानाच्या पायरीवर रोज एकच माणूस येऊन बसायचा, नाथाजी. मूळचा पाटणकडचा, गाव कोयनेच्या धरणात गेलं म्हणून बापाबरोबर इकडं आलेला. सगळी नोकरी नौदलात, इंजिनखान्यात; आता निवृत्त. ह्या पावसाळ्याआधी अण्णांनी त्याला विचारलं, "नाथाजी, एवढं मोठं लोखंडाचं जहाज बुडतंच कसं रं?"

नाथाजीनं उत्तरादाखल बिस्मार्कची गोष्ट सांगितली. नौदलात शिकायला असताना त्यांच्या वस्तादानं सांगितलेली. हिटलरच्या जर्मनीची युद्धनौका. हॅम्बुर्गच्या गोदीत वर्षानुवर्षं हजारो कामगार राबले तेव्हा कुठं पाण्यात उतरली. "आपल्या बस्तीपासनं एसटी स्टँडपातूर एकच जहाज धर," नाथाजी म्हणाला. "हातभर जाड पोलाद. चार बुरूज, एकेकाला दोन तोफा. वर दोन हजारावर माणसं. त्यात न्हावी, शिंपी, चांभार, पाव भाजणारं भटारी, सगळं गावच की! नि पोरं किती वयाची? विशी-बाविशीची. झोपायला झोळ्या. आमच्या इंजिनखान्यातल्यासारखीच, दिवस हाय का रात हाय ठाऊक न्हाई."

पुढं नाथाजी लढाईवर आला. पहिल्याच झटक्यात त्या जहाजानं इंग्रजांची हूड नावाची नौका उडवली. चौदाशेच्या वर माणसं, त्यातली तीन वाचली. मग सगळं इंग्रज आरमार पाठीला लागलं. पळता पळता जर्मन पोरांनी ओळखू येऊ नये म्हणून एक खोटं धुराडं करायला घेतलं, पत्रा नि कापडाचं. वर चेष्टा, की त्यातनं धूर काढायला प्रत्येकानं एकेक सिगार ओढायला यावं! अण्णा एकदम म्हणाले, "म्हंजे आपलाच धंदा की."

"व्हय गड्या. पर उपयोग न्हाई झाला. इमानांनी टारपेडो टाकला, तो नेमका सुकाणूला लागला. सुकाणू अडकलं ते अडकलंच. इंजनं चालू, तोफा शाबूत, पर जहाज आपलं गोल गोल फिरतंय. जायचं घराकडं नि तोंड शत्रूकडं! सकाळी इंग्रजांनी घेरून चाळण केली."

"आणि माणसं?" अण्णांनी विचारलं. "पाण्यातली?"

नाथाजीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग म्हणाला, "इंग्रजांच्याच जहाजानं दोर टाकलं. वर घेतली." आणि विडी पेटवायला म्हणून उठून गेला.

यंदा गणपतीत बिस्मार्कच दाखवायचं ठरलं, आणि त्या दिवसापासून अण्णांनी दुसरं काम हातात घेतलं नाही. कणग्यांची गिऱ्हाईकं परत गेली. गणपती मंडळाचा अध्यक्ष विश्वजित खूश झाला. "अण्णा, हूडचा स्फोट असा दणक्यात करा, की पब्लिक येडं झालं पायजे!" अण्णांनी स्फोट केला, लाल दिवे आणि धुपाचा धूर लावून उरकला. त्यांचा सगळा जीव शेवटच्या प्रवेशावर. मंडपात ताडपत्रीचा हौद, निळं पाणी. मधोमध पत्र्याचं बिस्मार्क. सुकाणूला फटका बसला की ते घिरट्या घालायला लागायचं, मग कलायचं, आणि थर्माकोलच्या तुकड्यांवर उभी केलेली बोटभर माणसं पाण्यावर पसरायची. मागून इंग्रजांचं जहाज यायचं. त्याच्या दोराला अण्णांनी जुन्या लाऊडस्पीकरचं लोहचुंबक बांधलं होतं. दोर खाली आला की पत्र्याची माणसं टकाटक चिकटून वर! टाळ्यांचा नुसता कडकडाट.

फक्त एक माणूस वर येत नव्हता.

तेवढा एक अण्णांनी पत्र्याचा केला नव्हता. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून अरिहंत करायचा? हात होईना. त्याच्या बारशाला मामानं दिलेली पितळी वाटी होती, तीच कापली. टोपी, कानामागं पेन्सिल, अंगात इंजिनखान्याचा डगला, सगळं बारकाईनं कोरलं, चिंचेनं घासून सोन्यासारखं लखलखीत केलं. आणि आता सांगा, ज्यानं जन्म धातूत घालवला त्याला एवढं कळू नये, की लोहचुंबक पितळेला धरत नाही? शेंबड्या पोराला ठाऊक असतं हे! पण बापाला पोरासाठी बरं ते लागतं, हलकं नको असतं. त्या मायेत अक्कल पार वाहून गेली.

पहिल्याच दिवशी ते त्यांच्या ध्यानात आलं. पत्र्याची सगळी वर गेली आणि पितळेचा एकटा हौदात फिरत राहिला. पडदा पडल्यावर अण्णांनी हात घालून त्याला उचललं, धोतराला पुसलं, खिशात टाकलं. विश्वजित म्हणाला, "खाली एक खिळा चिकटवा की अण्णा, झटक्यात येतंय." अण्णा म्हणाले, "बघू उद्या." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खिळा लावला असता तर पितळेचा उचललाच गेला असता. पण मग अण्णांना कळलं असतं, की तो खिळा उचलला गेला, पोरगं नव्हे. म्हणून रोज खेळ झाला की बाप स्वतःच्या हातानं मुलाला पाण्यातून काढायचा. त्या घटकाभराच्या सुखासाठी माणूस दिवसाच्या एकाच जेवणावर रात्रीपर्यंत उभा असायचा.

गुणमालाकाकू देखावा बघायला आल्या नाहीत. श्रद्धाही नाही. पण विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी श्रद्धा आली. बायकांच्या रांगेत उभी राहिली. हूड उडालं, लोक ओरडले. जहाज गोल फिरायला लागलं, लोक गप्प झाले. दोर खाली आला, माणसं वर गेली, टाळ्या झाल्या, मंडप रिकामा झाला. ती हलली नाही. अण्णांनी हौदात हात घातला तेव्हा ती जवळ आली.

"अण्णा, ते बारशाच्या वाटीचं हाय न्हवं?"

अण्णांनी मान हलवली.

"त्याला लोहचुंबक धरत न्हाई हो. तुमास्नी ठाऊक हाय. मलाबी ठाऊक हाय. तीन वर्सं आपुन दोघंबी बघतोय, दोर खाली येतोय नि तसाच वर जातोय." तिचा आवाज चढला नाही. "मी तुमच्यावर रागावत न्हाई. पर मला रडू तरी द्या. कुणाच्या नावानं रडू मी? जित्याच्या नावानं रडता येत न्हाई, नि मेल्याचं नाव तुमी घेऊ देत न्हाई."

ती गेली. अण्णा ओला हात तसाच धरून उभे. मागं खुर्चीवर नाथाजी बसला होता, त्यानं सगळं ऐकलं होतं. अण्णा त्याच्याकडं न बघता म्हणाले, "नाथाजी, खरं सांग. इंग्रजांनी सगळी माणसं वर घेतली?"

नाथाजी म्हणाला, "न्हाई."

"मग?"

"शंभर-सव्वाशे घेतली. बाकीची दोराला लोंबकाळत हुती, हात वर करून वरडत हुती. तेवढ्यात कुणाला तरी पाणबुडी दिसल्याचा संशय आला. थांबलं तर आपलंच जहाज जातंय म्हणून इंजन चालू केलं नि निघालं. शेकडो पोरं पाण्यातच ऱ्हायली. मी तुला सांगितलं न्हाई गड्या. जीभ रेटली न्हाई माझी."

"अरिहंतच्या येळंलाबी असंच झालं आसंल?"

"वादळात जहाज किती थांबणार, अण्णा? हुडकलं आसंल त्येंनी. मग गेलं आसंल."

"आणि ती ऱ्हायलेली पोरं... त्यास्नी दिसलं आसंल, जहाज जाताना?"

नाथाजी डोळ्याला उपरणं लावून बसला. अण्णांनी मूठ उघडली, पितळेच्या मुलाकडं बघितलं, आणि परत पाण्यात ठेवलं. थर्माकोलच्या तुकड्यावर ते हळूच फिरलं आणि थांबलं. अण्णा घरी गेले. त्या दिवशी पहिल्यांदा खिसा रिकामा होता.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. दशलक्षणाचा शेवटचा दिवस, बस्तीत मोठा अभिषेक. पहिला कलश मगदुमांचा, ही अण्णांच्या आजोबांपासूनची रीत. उपाध्ये कलश भरून तयार, सगळा समाज जमलेला. गुणमालाकाकू आणि श्रद्धा बायकांच्या बाजूला पुढंच बसलेल्या. अण्णांचा पत्ता नाही. आणि मग दारात दिसले. अंगात कालचाच सदरा, दाढी वाढलेली. पायरीच्या खाली उभे.

"अण्णा, सोवळं कुठाय?" उपाध्यांनी आतून विचारलं. "चला की लवकर, कलश थांबलाय तुमच्यासाठी."

अण्णांनी हात जोडले.

"आमाला येता येणार न्हाई, पंडितजी," ते म्हणाले. "आमच्या घरात सुतक हाय. पोरगं गेलं आमचं."

गुणमालाकाकूंच्या हातात अक्षतांचं ताट होतं. ते त्यांनी शेजारणीच्या हातात दिलं. उठल्या, देवाकडं पाठ न करता मागं मागं सरत दारापर्यंत आल्या, पायरी उतरल्या आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. सुतक त्यांचंही होतं, तीन वर्षांचं. मागोमाग श्रद्धा आली. शेवटच्या पायरीवर ती बसली, आणि मग त्या पोरीनं जो हंबरडा फोडला, तो मंडपापर्यंत ऐकू गेला. तिथं विश्वजित आणि पोरं मिरवणुकीचं सामान लावत होती. त्यांनी न सांगताच स्पीकर बंद केला.

हौद संध्याकाळी उपसला. जहाज, तोफा, पत्र्याची माणसं, सगळं पोत्यात भरलं. पितळेचा मात्र कुणाला सापडला नाही.