न वाजलेली शेंग

अंगणात पडलेली शिरीषाची वाळकी शेंग उचलून मी सवयीनं कानाशी हलवली. वाजली नाही. शेंगा धरणाऱ्या झाडांच्या अभ्यासात माझा जन्म गेला, आणि बी पिकलंय की नाही हे मी नेहमी असं कानानंच ठरवत आलो. न वाजणारी शेंग कच्ची, ती सोडून पुढं जायचं. ही मात्र मोडून पाहिली, तर आत नऊ बिया, टणक आणि सुट्या. गेल्या हंगामात डोंगरातल्या त्या दुर्मिळ वेलीच्या किती शेंगा मी कच्च्या म्हणून सोडून आलो? दुसरी शेंग उचलली, जोरजोरात हलवली. आवाज नाहीच. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायको ओरडली, "अहो, पुरे की तो खुळखुळा!"