मडगार्डवरचा मान

आमच्या आंबेगावाकडं ट्रॅक्टरचं मडगार्ड म्हणजे मानाची जागा. मजूर, खताच्या गोण्या मागं ट्रॉलीत. पाव्हणा मात्र ड्रायव्हरशेजारी, चाकावरच्या पत्र्यावर. त्याला मागं बसा म्हणणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठवणं. ह्या मानापायी किती माणसं चाकाखाली गेली, ते कुणी बोलत नाही. आमची आई त्यातलीच. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखालून गेला. तेव्हापासून ट्रॅक्टर मी हातात घेतला आणि ठरवून टाकलं, साक्षात भीमाशंकर आला तरी माझ्या मडगार्डवर बसायचा नाही.

ठरवायला काय जातंय! नव्वदच्या दशकाच्या शेवटी धाकट्या बहिणीला बघायला वारूळवाडीकडचं स्थळ आलं. आधीची दोन स्थळं आईचा पाय बघून माघारी फिरली होती. पोरगी सासरी नांदणार का माहेरी आईचं करत बसणार, असं त्या लोकांचं म्हणणं. हे स्थळ बहिणीला मनापासून हवं होतं.

नेमका आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झाला. वस्तीच्या वाटेवर चिखल, पाव्हण्यांची जीप डांबरीवरच थांबली. मी ट्रॉली धुतली, गादी टाकली आणि वडलांना मागं बसवून पाव्हण्यांना घ्यायला गेलो.

मुलाचे वडील, कडक इस्त्रीचे कपडे, सरळ पुढं आले आणि मडगार्डला हात घातला. मी म्हणालो, मागं बसा. त्यांना थट्टा वाटली. आमचे वडील डोळे वटारून मला खुणावायला लागले, बसू दे. मी इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"पावणं, राग आला तर येऊ द्या. हितं कुणी बसलं तर ट्रॅक्टर हलायचा न्हाई."

ते चिखलातून चालत निघाले. मागं त्यांची मंडळी, त्यामागं मला शिव्या घालत वडील, आणि सगळ्यांच्या मागं रिकामी ट्रॉली घेऊन मी. बहिणीच्या आयुष्याचं मी वाटोळं केलं असं वाटत होतं. पण पुन्हा तीच वेळ आली असती, तरी किल्ली काढलीच असती.

घरी ते पोह्यांना शिवेनात. तुमच्या पोराला माणसाची किंमत नाही, म्हणाले. वडील हात जोडून माझ्या वतीनं माफी मागायला लागले. तेवढ्यात आई एका हातानं कुबडी टेकत, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आज बाहेर येऊ नको, असं वडलांनी तिला सकाळीच बजावलं होतं.

"माफी कशाची मागताय?" ती वडलांना म्हणाली. मग पाव्हण्यांकडं वळली. "दसऱ्याला नवा ट्रॅक्टर पुजला, तवा ह्यांनी मला बी मानानंच मडगार्डवर बसवलं व्हतं. तुमी चालत आलात, पर दोनी पायांवर आलात."

वडील उठून परड्यात गेले. पाव्हण्यांनी तांब्या घेतला, घटाघटा पाणी प्यायले आणि पोरीला बोलवा म्हणाले.

जाताना ते कुणी न सांगताच ट्रॉलीत चढले.

वैशाखात लग्न झालं. वरातीला ट्रॅक्टर माझाच. दोन करवले मडगार्डवर चढून नाचायला लागले. मी इंजिन बंद करणार, एवढ्यात बहिणीच्या सासऱ्यांनीच फेटा सावरत त्यांना बखोटीला धरून खाली ओढलं.